कोड कुणाच्या फोनवर

३ फेब्रुवारी

चिंगे,

कागद बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुला फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतेस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. दुकानात गिऱ्हाईक नाही, आजच्या सगळ्या काचा चष्म्यांच्या फ्रेममध्ये बसवून झाल्यात, मालक जेवायला गेलाय. बसून लिहितेय.

बाबांचं काय चाललंय? त्यांचा सकाळचा फोन बंद झालाय. पहिल्या दिवशी म्हटलं, झोपले असतील. दुसऱ्या दिवशी म्हटलं, डाव खेळायचा कंटाळा आला असेल. आता मी शटर वर करताना उगाचच फोन हातात धरून उभी असते आणि समोरचा फुलवाला विचारतो, "आज पण नाही?" म्हणजे बघ, रस्त्याला कळलंय, फक्त मलाच काही कळत नाहीये.

तुला आठवत असेल, आई गेल्यावर मी महिनाभर राहिले होते, तेव्हा त्यांचं मन रमावं म्हणून माझा जुना लॅपटॉप देऊन त्यावर त्या बुद्धिबळाच्या साइटवर खातं उघडून दिलं. पासवर्ड त्यांना नको होता. "डोक्यात आता नवीन सामान ठेवायला जागा नाही," म्हणाले. मग दर वेळी नवा कोड येईल असं केलं. तो माझ्या फोनवर घेतला, कारण त्यांच्या त्या बटणांच्या फोनमध्ये मेसेज उघडेपर्यंत कोडाची मुदत संपायची. झालं. तेव्हापासून रोज सकाळी, "आला का गं?" मी एकेक आकडा सांगायचा, त्यांनी तो मोठ्यांदा म्हणून एका बोटानं दाबायचा. आणि मधूनच गप्पा सुरू. गुडघा, जिन्यातला दिवा, पडलेलं स्वप्न. आईबद्दल बोलायचे ते सुद्धा तेव्हाच. डाव संपला की न चुकता लॉगआउट करायचे, कारण कामाची जागा सोडताना कुलूप लावायचं, हा त्यांचा जन्माचा नियम. म्हणून तर दुसऱ्या दिवशी परत माझी गरज लागायची.

ते आजारी नाहीत ना? की माझ्यावर रागावलेत? खरं काय ते लिही. गोलगोल नको.

तुझी ताई

---

१० फेब्रुवारी

ताई,

किती गं घाबरतेस! बाबा ठणठणीत आहेत. काल खुर्चीवर चढून पडदा लावत होते, मी ओरडले तर म्हणाले, "मग तू का आली नाहीस आधी?" आहे ना तब्येत झकास?

साइटवाल्यांनी काहीतरी बदललं असेल. ही मंडळी सारखी बदलतात, मला विचार. दिवसभर माझं कामच ते. साधीसुधी माणसं ऑफिसात बोलावायची, त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि ती साइटवर आत कशी शिरतात ते बघायचं. मग विचारायचं, तुम्हाला कसं आवडतं? तुला गंमत वाटेल. परवा एक बेकरीवाला आला होता, तो पासवर्ड लक्षातच ठेवत नाही. दर वेळी "विसरलो" दाबतो आणि नवीन घेतो. म्हणतो, पाव रोज ताजा करतो, हाही ताजा. एक नर्सबाई दवाखान्यापासून सिनेमापर्यंत सगळीकडे एकच पासवर्ड वापरते आणि तो आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असा पुटपुटत टाईप करते. एक ड्रायव्हर म्हणाला, मला काही नको, बोट ठेवलं की उघडलं पाहिजे, नाहीतर मी चाललो. माणूस तितक्या तऱ्हा.

तेव्हा तू उगीच जीवाला लावून घेऊ नकोस. आणि एवढी आठवण येते तर फोन तूच कर की. बाबा सध्या मजेत आहेत. संध्याकाळी मी पोचायच्या आधीच दारात उभे असतात माझी वाट बघत.

तुझी चिंगी

---

१७ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं, दुसऱ्यांदा शंका आली, तिसऱ्यांदा पेटले.

बाबा दारात उभे? तुझी वाट बघत? जो माणूस तुझ्या लग्नातसुद्धा मांडवाच्या दारात उभा राहिला नाही, आत जाऊन फरशी कुणी बसवलीय ते बघत बसला, तो तुझ्यासाठी दारात?

मग मी माझा फोन उघडून बसले. जुने मेसेज मी पुसत नाही, तुला माहीत आहे. बाबांनी शेवटचा फोन केला त्या दिवशीचा मेसेज काढला. त्यात आकडे आहेतच, पण आकड्यांच्या वर एक ओळ आहे. "या खात्याचा फोन नंबर बदलण्यासाठी हा कोड वापरा." आणि मी तो वाचून दाखवला! शटर अर्धं वर, किल्ली दातात, आणि मी नेहमीसारखे आकडे सांगतेय. बाबा नेहमीसारखे म्हणताहेत. मागे कुणीतरी खोकल्याचा आवाज आला होता. मी विचारलंसुद्धा, कोण आहे? तर म्हणाले, "चिंगी आलीय, काहीतरी करतेय."

दिवसभर लोकांना डोळ्यांवर चष्मे चढवून देते, म्हणते, वाचा बघू खालची ओळ. आणि मला वरची ओळ दिसली नाही. माझ्याच तोंडानं माझा नंबर काढून घेतलास तू. चोराच्या हातात किल्ली द्यावी तशी दिली मी, वर गोड बोलून.

फोन मी का करू? ते करायचे. रोज करायचे. त्यांना मी लागायचे. हे तुला कळणार नाही.

आता सांग, का केलंस?

ताई

---

२४ फेब्रुवारी

ताई,

हो, काढला तुझा नंबर. मी काढला, पूर्ण शुद्धीत काढला. विचारतेस का केलंस? जळत होते म्हणून केलं. घे, लिहून दिलं.

दोन गल्ल्या पलीकडे राहते म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. औषधं मी आणायची, डॉक्टरकडे मी न्यायचं, तुंबलेली मोरी मी काढायची. तो बटणांचा फोन बंद पडला तर नवीन मोठा फोन मी आणून दिला, वापरायला मी शिकवला. आणि मला मिळतं काय? "हं." "ठेव तिथे." "जाताना दार ओढून घे." आणि तू? तुझे कष्ट काय तर सहा आकडे वाचून दाखवायचे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून सकाळीच गेले. दार उघडंच होतं. बाबा फोनवर हसत होते. हसत, ताई! आई एकदा चुकून भलत्याच लग्नात जेवून आली होती, ते तुला सांगत होते. पटावर डाव कधीच सुरू झाला होता, म्हणजे कोड दाबून झालेला, तरी फोन चालूच. मला बघितलं आणि आवाज खाली केला. माझी पण आई होती ना ती? ती गेल्यापासून माझ्याशी तिचं एक अवाक्षर काढलं नाही त्यांनी. एक सुद्धा नाही. मी भाजी निवडत बसते आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकते.

म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी गेले आणि म्हटलं, बाबा, मी सोपं करून देते. बोट ठेवून उघडेल असं करायला गेले तर त्यांचं बोट काही घेईना. अंगठा घेईना, करंगळी घेईना. जन्मभर दगडी फरश्या घासल्या, हातावरच्या रेषाच राहिल्या नाहीत. मग मी माझं बोट दिलं आणि नंबरही माझा घातला. आता मी गेल्याशिवाय डाव सुरू होत नाही. म्हणून उभे राहतात दारात. राहू देत. मला बरं वाटतं.

चिंगी

---

२ मार्च

चिंगे,

भलत्याच लग्नातलं जेवण अर्धंच ऐकलंस. पुढची गंमत मला माहीत आहे, आणि तुझ्या या पत्रानंतर ती मी तुला मुळीच सांगणार नाही.

तुझ्याकडे भाजी निवडायला तरी समोर माणूस आहे. तू त्यांचा शर्ट बघतेस, गुंडी तुटलेली बघतेस, ते दमले की तुला कळतं. मला काय होतं? एक आवाज. संध्याकाळी खोलीवर येते, दिवा मीच लावते, मीच विझवते. दिवसभरात मला कुणाची गरज लागली असेल तर ती गिऱ्हाइकांना, तीही काचा पुसून घ्यायला. एक सकाळ होती माझी, तीही तुला बघवली नाही. मेलीचं नेहमीचंच. लहानपणीसुद्धा तुझ्या ताटात वाढलेलं असलं तरी तुझा डोळा माझ्या ताटावर.

आणि तू केलंस ते तरी काय? बाबांना दिवसभर ताटकळत ठेवायचं, तू आलीस की बोट टेकवायचं, म्हणजे डाव सुरू. आधी सकाळी खेळायचे ताजेतवाने. आता तू घरी जाईपर्यंत घाईघाईत हरत असतील बिचारे.

भांडायचं नाही म्हणून एक तोडगा सुचवते. वाटून घेऊ. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझा नंबर, मंगळवार, गुरुवार, शनिवार तुझा. रविवारी त्यांना खेळूच नका म्हणावं, किंवा एकाआड एक. नंबर बदलायचं काम तुझं, कारण उद्योग तुझा. विचार करून कळव. नाही म्हणालीस तर मी रजा टाकून येईन आणि दारात तुझ्या पुढे उभी राहीन.

ताई

---

१३ मार्च

ताई,

वाटून घ्यायचं पत्र आलं तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, चार दिवस वाट बघू दे हिला, मग देऊ सोमवार. आता हसू गेलंय. ऐक.

या आठवड्यात ऑफिसात उशीर होत होता. रोज वाटायचं, बाबा खोळंबले असतील, फोन येईल, चिडतील. फोन नाही. सोमवारी धावतपळत पोचले तर दारात कुणी नाही. आत डाव अर्ध्यावर. मी म्हटलं, कसा उघडला? म्हणाले, "उघडला." मंगळवारी तेच. माझ्या फोनवर एकही कोड नाही. माझं बोट टेकवून बघितलं तर साइट म्हणते, हे बोट ओळखीचं नाही. मला, ताई! जिचा दिवस लोकांना साइटवर आत कसं शिरायचं हे विचारण्यात जातो तिला बापाच्या पटावर शिरता येईना.

मग आठवलं. मागच्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये असताना बाबांचा फोन आला होता. "एक कोड आलाय बघ, सांग." मी टेबलाखाली फोन धरून सहा आकडे कुजबुजले आणि ठेवला. वरची ओळ वाचली नाही. तुला नावं ठेवायला आता मला तोंड नाही. माणसं मेसेज वाचत नाहीत, नुसते आकडे वाचतात, हे मीच तर लिहून देते ऑफिसात.

आणि काल कळलं कोण ते. दाराबाहेर बायकी चपला. निळ्या, बक्कलवाल्या, नीट एकाशेजारी एक ठेवलेल्या. आत खालच्या मजल्यावरच्या ऑपरेटरबाई. तुला आठवतील, टेलिफोन खात्यात होत्या, निवृत्त होऊनही बोलतात अशा की आपण लाइनवरच आहोत. बाबांच्या शेजारी खुर्ची लावून बसल्या होत्या. शेजारी गं, समोर नाही. मला म्हणतात, "ये हो, बस. चहा ठेवू का?" आपल्याच घरात मला चहा विचारतात! आणि बाबा, ज्यांना माझ्याशी "हं"च्या पुढे शब्द सुचत नाही, ते त्यांना उंटाची चाल समजावून सांगत होते. हात हलवून हलवून.

मला झोप नाही. काय करू?

चिंगी

---

१८ मार्च

चिंगे,

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! आपण इथे सोमवार-मंगळवार करत बसलो आणि तिकडे ती आयत्या बिळावर येऊन बसली.

मला सगळं हवं. ती दिसते कशी? केस रंगवते का? चष्मा आहे का, असला तर कसा, साखळीचा की बिनसाखळीचा? साखळीचा असेल तर सावध राहा, साखळीवाल्या बायका ठाण मांडून बसतात, माझा दुकानातला अनुभव आहे. कोड हिच्या फोनवर येत असणार, दुसरं काय? म्हणजे आता हिला विचारायचे बाबा "आला का?" आणि हिला सांगायचे गुडघा आणि स्वप्नं. आणि आई? आईबद्दल हिला सांगत असतील तर मला ते चालणार नाही. तुला सांगितलं असतं तरी एक वेळ गिळलं असतं. तू घरची. पण हिला?

खरं सांगू, तुझ्यावर जळत होते तेव्हा निदान राग करायला तू होतीस. हिच्यावर कुठल्या हक्कानं रागवायचं तेही कळत नाही. काल एका गिऱ्हाइकाला डावी काच उजवीकडे बसवून दिली.

तू सरळ जा आणि विचार. लाजू नकोस. म्हणावं, बाबा, घरच्या दोन मुली मेल्या होत्या का? माझं नाव घे हवं तर. नंबर काढून टाक तिचा. तुझा घाल, माझी हरकत नाही. सगळे वार तुझे. पण तिचा नको.

ताई

---

२५ मार्च

ताई,

गेले होते. रविवारी, मुद्दाम, बाई तिथे असताना. म्हटलं, होऊन जाऊ दे.

चष्मा आहे. बिनसाखळीचा.

मी उभ्या उभ्याच सुरू केलं. बाबा, कोड आता यांच्या फोनवर का? ताई तिकडे रडते, मी इकडे जळते, घरच्या दोन मुली मेल्या होत्या का? आम्ही वार वाटून घ्यायला तयार होतो, सोम-बुध-शुक्र ताईचा, मंगळ-गुरु-शनि माझा. सगळं भडाभडा बोलून गेले. वारांचं बोलायला नको होतं. बाबांनी पटावरचा हात काढला.

"वार लावताय?" म्हणाले. "मी काय सामायिक नळ आहे?"

बाई उठायला लागल्या. बाबांनी त्यांना बसवलं. मग खिशातून फोन काढला, मी आणून दिलेला, आणि माझ्यासमोर लॅपटॉपवर लॉगआउट करून परत साइटवर गेले. कोड आला. त्यांच्या हातातल्या फोनवर टिंग वाजलं, ताई. त्यांच्याच फोनवर. त्यांनी तो लांब धरला, एकेक आकडा मोठ्यांदा वाचला, एका बोटानं दाबला. उघडलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो फोन घेऊन वर्ष झालं. तू तुझा नंबर ठेवलास, मी माझा घातला, कोड कुणाकडे यावरून आपण एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, आणि बाबांचाच नंबर घालावा हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मी एवढंच म्हटलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

म्हणाले, "तू ऑफिसात लोकांना काय विचारतेस गं?"

"तुम्हाला आत कसं जायला आवडतं, ते."

"मला विचारलंस?"

मी पर्स खांद्यावरून काढली.

"यांनी विचारलं," म्हणाले. "जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, हल्ली सकाळी तुमचा आवाज येत नाही, खेळत नाही का? मी म्हटलं, धाकटीचं बोट यायचंय ऑफिसातून. तर त्या म्हणाल्या, तुम्हाला कसं हवंय? मी म्हटलं, मला कोडच आवडतो. आकडे बघितले, दाबले, काम झालं की कुलूप. पण माझ्या हातानं. किल्ली तुम्हा दोघींच्या कमरेला आणि मी माझ्या दाराबाहेर, हे मला नको."

मग मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, मग ताईला फोन का बंद केलात? म्हणाले, "तिला कामावर कशाला त्रास द्यायचा? आधी कोडाचं निमित्त होतं. आता काय सांगून फोन करू?"

मी घरी आले आणि खूप रडले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच घरात. तू फोन कर त्यांना. तूच करावास, हे मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं, पण तेव्हा टोमणा मारायला लिहिलं होतं. आता मनापासून लिहितेय.

चिंगी

---

१ एप्रिल

चिंगे,

केला फोन. तुझं पत्र आलं त्याच दिवशी करणार होते, पण काय कारण सांगू ते सुचेना. लाज वाटते गं. जन्मदात्या बापाला फोन करायला मला कारण सुचेना. दवाखान्याचं विचारावं तर ते तू बघतेस. हवेचं विचारावं तर ती मेली दोन्हीकडे सारखीच. फुलवाला म्हणाला, अहो लावा तर खरं, बोलणं आपोआप येतं. त्याच्या जिवावर लावला.

"हॅलो, बाबा, मी."

"काय झालं?"

"काही नाही. उगाच केला."

"उगाच?"

"हो. काही काम नाही."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "डाव चालू आहे. नंतर करतो." आणि ठेवला! ठेवताना मागे त्या बाईंचं हसू ऐकलं मी. छान हसतात हो. घंटा वाजल्यासारखं.

तेव्हापासून बसलेय. दुपार झाली, संध्याकाळ झाली, त्यांचं "नंतर" काही झालं नाही. मालक म्हणाला, घरी जा, तुमचं लक्ष नाही. मी विचारतेय स्वतःला, त्या बाईंचा राग करू की करू नको? त्यांनी विचारलं, मी नाही विचारलं. एवढं कळूनसुद्धा जळफळाट होतोच, त्याला इलाज नाही. तिला शेजारची खुर्ची आणि मला "नंतर करतो".

तू सुखी हो. तुला निदान "दार ओढून घे" तरी म्हणतात.

ताई

---

६ एप्रिल

ताई,

आता मी काय सांगते ते ऐक आणि मग जळायचं कुणी ते ठरव.

तुझ्या फोनच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या इमारतीत शिरले तर बाबा जिन्यात उभे. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याला धरलं होतं. त्याला सांगत होते, "थोरलीचा फोन आला होता. काही काम नव्हतं हं तिचं! उगाच केला म्हणाली." शिंपी म्हणाला, हो का, वा. तो सुटला तर पोस्टमन सापडला, त्यालाही तेच. "काहीच काम नव्हतं!" वर ऑपरेटरबाई म्हणाल्या, तुझा फोन आल्यावर ते तो डाव सरळ हरले. चाल करायचेच विसरले. रोज फोन जवळ घेऊन बसतात आणि तुला करू की नको करत राहतात, कारण पोरगी कामावर असेल. आणि म्हणून तू तिकडे बसलीस आणि ते इकडे. सारखेच आहात दोघं, एक नंबरचे हट्टी.

मी रोज जाते, त्याचं कौतुक शिंप्याला कधी सांगितलं? तू एक फोन केलास तर अख्ख्या इमारतीत दवंडी. अशी आग झाली म्हणून सांगू! घरी येऊन विचार केला, मी कधी काम नसताना गेलेय? नेहमी हातात काहीतरी. भाजी, गोळ्या, बल्ब, फडकं. आत शिरल्यावर आधी मोरी बघते, मग बाबांना.

म्हणून काल रिकाम्या हातानं गेले. पर्ससुद्धा नेली नाही. ऑपरेटरबाई नव्हत्या. बाबांनी विचारलं, "काय आणलंस?" म्हटलं, काही नाही. "मग कशाला आलीस?" म्हटलं, उगाच. आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. काय करायचं ते मला कळेना, त्यांनाही कळेना. हात मांडीवर ठेवून बसलो दोघं. मला दोनदा उठून फडकं घ्यावंसं वाटलं, घट्ट बसून राहिले.

मग त्यांनी पट बंद केला. लॉगआउट केलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "तुझी आई ना..." आणि बोलत राहिले. अंधार पडला तरी दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

काय बोलले ते तुला सांगणार नाही. भलत्या लग्नाचं तुझ्यापाशी ठेव. हे माझं आहे.

चिंगी